पंचायत हॉलच्या खोदकामात काळी तेलकट माती लागली, हा खर्च कोणाच्या डोक्यावर?

फोंडा_साईट

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यात फोंडा तालुक्यात छोटी सरकारी कामं घेतो, शाळेच्या खोल्या, संरक्षक भिंती, गटारं असलं. सध्या एका पंचायतीच्या बहुउद्देशीय हॉलचं काम चालू आहे, देखरेख साबांखाची (सार्वजनिक बांधकाम खातं). जागा रस्त्याला लागून आहे, खाणी जोरात होत्या तेव्हा तिथं ट्रकांचं गॅरेज होतं, २०१२ ला खाणी बंद झाल्या तसं गॅरेज पण बंद पडलं आणि मग कधीतरी ती जागा पंचायतीला मिळाली. वरून बघितलं तर साधी लाल माती, गवत वाढलेलं, दोन काजूची झाडं. टेंडरसोबत माती तपासणीचा रिपोर्ट होता पण दोन्ही बोअर रस्त्याच्या बाजूला मारलेले, त्यात कुठं काही नाही.

मागच्या बाजूच्या फुटिंगा (खांबांचे पाये) खोदायला घेतल्या आणि मीटरभर खाली गेल्यावर माती एकदम काळी. जेसीबीचं बकेट वर आलं की जळक्या ऑईलचा वास, हातात घेतली तर बोटांना चिकटते, साबणानं धुतलं तरी वास जात नाही. तळाला पाणी झिरपलंय त्यावर रंगीत तवंग. एका कोपऱ्यात ट्रकच्या बॅटऱ्यांच्या फुटलेल्या पेट्या निघाल्या, आत अजून शिशाच्या प्लेटी. चार फुटिंगांत असं आहे, बाकीच्या ठिकाणी अजून खोदलं नाही.

काम थांबवून ठेवलंय. जेईला (खात्याचा कनिष्ठ अभियंता) फोन केला तर म्हणाले काढून टाका आणि चांगला भराव घाला, खोदाईच्या आयटममध्ये सगळ्या प्रकारची माती आहेच, वेगळे पैसे मिळणार नाहीत. टिप्परवाला म्हणतो एक शेत आहे, मालकाला भराव पाहिजेच आहे, फुकट घेईल. मला ते पटत नाही. खालच्या अंगाला एका घराची बांय (विहीर) आहे, ते लोक तेच पाणी पितात, आणि आपण हे उचलून दुसऱ्याच्या शेतात टाकायचं म्हणजे काय.

पण नीट विल्हेवाट लावायची तर खर्च आमच्या नफ्याच्या पलीकडं जातोय असं दिसतं, आणि पाऊस तोंडावर आलाय. असं कोणाच्या कामात झालंय का, पैसे मागायचे कसे, कोणाकडं, आणि तोपर्यंत त्या मातीचं करायचं काय?

निवृत्त_अभियंता

साईट भाऊ, आधी टिप्परवाल्याला नाही म्हणून सांगा. ती माती एकदा दुसऱ्याच्या शेतात पडली की पुढं जे होईल ते तुमच्या नावावर, जेई फोनवर काय म्हणाला ते तेव्हा कोणी ऐकून घेणार नाही. जेईला मी दोष देत नाही, त्याच्या अधिकारात नसलेली गोष्ट तुम्ही त्याला फोनवर विचारलीत, तो दुसरं काय बोलणार.

आजच कार्यकारी अभियंत्याला पत्र द्या, प्रत सहाय्यक अभियंत्याला आणि पंचायतीला, आणि पोचेवर इनवर्डचा शिक्का घ्या. पत्रात गॅरेजनं असं केलं तसं केलं काही लिहू नका, जे डोळ्याला दिसलं तेवढंच लिहा, कुठल्या फुटिंगला, किती खोलीवर, रंग, वास, पाण्यावरचा तवंग, बॅटऱ्या. फोटोत टेप धरा म्हणजे खोली दिसेल. मग दोन गोष्टी मागा, संयुक्त पाहणीची तारीख आणि त्या भागातलं काम थांबवायचा लेखी आदेश. हिंडरन्स रजिस्टरला (कामातल्या अडथळ्यांची वही) त्याच तारखेची नोंद करून घ्या.

आता करार. आपल्याकडची टेंडरं बरीचशी सीपीडब्ल्यूडीच्या (केंद्राचं सार्वजनिक बांधकाम खातं) धर्तीवर असतात, तुमच्या कामाला नेमकं काय लागू केलंय ते करारासोबतच्या शेड्यूल एफ मध्ये बघा. त्या धर्तीवर असेल तर तुमच्यासाठी तीन कलमं महत्त्वाची. कलम ५ मुदतवाढीचं, अडथळा आल्यापासून १४ दिवसांत ठरलेल्या फॉर्ममध्ये अर्ज द्यावा लागतो, नाहीतर उद्या उशिराची भरपाई तुमच्याकडूनच वसूल करतील. कलम १२ मध्ये जादा आयटम येतो, म्हणजे करारात मुळात नसलेलं काम, त्याचा दर तुम्ही १५ दिवसांत पृथक्करणासकट (दर कसा निघाला त्या हिशेबासकट) मागायचा आणि तो बाजारभावानं ठरतो. आणि कलम १५ काम स्थगित करण्याचं, तुमची चूक नसताना स्थगिती ३० दिवसांच्या वर गेली तर साईटवर बसून राहिलेल्या माणसांच्या पगाराची भरपाई मागता येते, पण त्यासाठी स्थगिती त्यांच्या लेखी आदेशानं झालेली पाहिजे. तुम्ही आपणहून थांबलात तर तो हक्क राहत नाही, म्हणून आदेश मागा म्हणतोय.

सगळ्या प्रकारची माती या शब्दांवर ते अडून बसतील याची तयारी ठेवा. ते शब्द खोदायला माती मऊ आहे की कठीण यासाठी असतात, तिच्यात कोणी ऑईल ओतलंय का यासाठी नव्हे. आणि तोच आयटम पुढं वाचा, त्यात उकरलेली माती ५० मीटर लीड (अंतर) आणि १.५ मीटर लिफ्टपर्यंत (उंची) नेऊन टाकायची असं असतं. म्हणजे तुमच्या दरात ५० मीटरची वाहतूक धरलीय. पिसुर्ल्याच्या घातक कचरा प्रकल्पापर्यंतचा रस्ता आणि तिथली फी त्या दरात बसूच शकत नाही, हा मुद्दा पत्रात आकड्यांसकट मांडा.

दुसरा आक्षेप येईल की टेंडर भरताना जागा बघून घ्यायची जबाबदारी तुमची होती. ते खरंच आहे, पण सीपीडब्ल्यूडीच्या निविदा सूचनेत जमिनीच्या खालचं जितकं व्यवहार्य असेल तितकं बघावं असं म्हटलंय. टेंडर भरणारा माणूस पंचायतीच्या जागेत जेसीबी घालून मीटरभर खणून बघू शकत नाही. खात्याने मारलेल्या बोअरमध्येसुद्धा सापडलं नाही, मग तुम्हाला कसं कळणार, हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे.

माती_पाणी_लॅब

साबांखाचं साहेबांनी सांगितलंच, मी मातीचं सांगते, कारण नमुना नीट घेतला नाही तर बाकी सगळे कागद लंगडे पडतात.

पहिलं म्हणजे खड्ड्यातलं ते तवंगाचं पाणी पंप लावून गटारात सोडू नका. साईटवर सवयीनं पंप सुरू होतो आणि मग तेच ओहोळाला, तिथून नदीला. ड्रममध्ये नाहीतर टाकीत वेगळं साठवा. खड्ड्यात उतरणाऱ्या माणसांना गमबूट, रबरी हातमोजे, आणि तिथं विडी ओढणं, वेल्डिंग, कटर सगळं बंद, कारण वास नुसत्या ऑईलचा आहे का आत डिझेल पण आहे हे तुम्हाला माहीत नाही.

नमुने खातं, पंचायत आणि तुम्ही तिघं हजर असताना घ्या. काचेच्या गडद बाटल्या, काठोकाठ भरलेल्या, लगेच बर्फाच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत भरलेली माती तेलाच्या तपासणीला कामाची नाही. बाटलीवर फुटिंग नंबर, खोली, तारीख, आणि नमुना कोणाच्या हातून कोणाकडं गेला त्या कागदावर तिघांच्या सह्या. काळ्या मातीच्या खाली जिथं लाल माती परत सुरू होते तिथला पण नमुना पाहिजे, नाहीतर कुठपर्यंत काढायची हे कळणारच नाही. आणि एक नमुना वरच्या अंगाच्या चांगल्या जागेतला, तुलनेसाठी. लॅब एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यतेची. तपासायला सांगायचं एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, बेंझीन वर्गातले पदार्थ, पीएएच (तेलात सापडणारी विषारी संयुगं), आणि बॅटऱ्या निघाल्या म्हणून शिसं. शिशाची टीसीएलपी चाचणी (मातीतून किती शिसं झिरपून निघतं ते बघणारी) वेगळी करून घ्या, त्या अर्कात लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा जास्त शिसं आलं की २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या दुसऱ्या परिशिष्टात ती माती बसते, मग तिला साधा मलबा म्हणताच येत नाही.

आपला जांभा सच्छिद्र असतो, वापरलेलं जड ऑईल सावकाश सरकतं पण डिझेल त्या भोकाभोकांतून पाण्यापर्यंत पोचतं. म्हणून त्या बांयवाल्या घराला आजच जाऊन सांगा. रिपोर्ट येईपर्यंत थांबू नका, रिपोर्ट यायला वेळ लागतो आणि तोवर ती माणसं ते पाणी पिणार. बांयच्या पाण्याचा नमुना त्याच दिवशी घ्या. घरात लहान मुलं असतील तर अजूनच, शिशाचा त्रास त्यांना जास्त होतो.

माजी_पंच_ताई

मी दुसऱ्या बाजूनं बोलते, राग मानू नका. पंचायतीत बसून असले प्रस्ताव बघितलेत. कंत्राटदार येतो आणि म्हणतो माती खराब निघाली, एवढे लाख वाढवा, आणि आमच्याकडं मूळ अंदाजपत्रकात किरकोळ अकल्पित खर्चाला ३ टक्के धरलेले असतात, त्यात काय बसणार. मंजूर रकमेच्या १० टक्क्यांच्या वर खर्च जातोय असं दिसलं की सुधारित अंदाजपत्रक करून परत प्रशासकीय मंजुरी घ्यावी लागते, फाईल गटविकास अधिकाऱ्याकडून वर पंचायत संचालनालयात, आणि तिथं पहिला प्रश्न हाच की एवढी माती घातक कशावरून. ग्रामसभेत लोक उठून विचारतात ते वेगळंच.

म्हणून माझं सांगणं, काळी दिसली म्हणून सगळ्या प्लॉटची माती घातक धरून बिल लावू नका. कुठं आहे कुठं नाही ते आधी ठरवा, बाकीच्या फुटिंगांच्या जागी छोटे खड्डे घेऊन बघा, आणि पंचायतीला दोन तीन पर्याय आकड्यांसकट द्या. सगळी काढली तर किती, फुटिंगच्या जागेपुरती काढून बाकी तिथंच सुरक्षित ठेवता येते का, हॉल जरा रस्त्याकडं सरकवला तर किती. नकाशा बदलणं कधी कधी माती नेण्यापेक्षा स्वस्त पडतं. पंचांच्या हातात असा कागद असला की ठराव घेता येतो, नुसतं जादा पैसे द्या म्हटलं की प्रत्येकाला चौकशीची भीती वाटते आणि फाईल पडून राहते.

आणि पंचायतीनं ती जागा कशी घेतली तो दस्त काढायला सांगा सचिवाला. जागा देणाऱ्यानं काय लिहून दिलंय, गॅरेज कोणाच्या नावावर होतं, पंचायतीचा परवाना होता का, घरपट्टीच्या जुन्या वहीत सुद्धा सापडतं. ज्यानं ऑईल ओतलं त्याच्याकडून वसुली करायचा हक्क पंचायतीला आहे, तो लोकांच्या पैशातून सोडून द्यायचा नाही.

बांयबद्दल लॅबवाल्या ताईंशी शंभर टक्के सहमत. टँकरची सोय व्हायला सांगा, कमी दाबाचा का होईना पण नळ असेल तर तो वापरायला सांगा.

डिचोलीकर

पैशाचं मी सांगतो, कारण बाकी सगळं बरोबर असूनही माणूस इथंच मरतो. माझ्या ओळखीच्या एका कंत्राटदाराला एका सरकारी कामात असंच लागलं होतं, तिथं जुनी डिझेलची टाकी निघाली. अधिकाऱ्यानं तोंडी सांगितलं करून टाक, नंतर बघू, ह्यानं विश्वासावर सगळं केलं, स्वतःच्या खिशातून, आणि अधिकाऱ्याची बदली झाली. नवीन माणूस म्हणतो आदेश दाखव. काम झालेलं दिसतंय, टाकी गेलेली दिसतेय, पण कागद नाही. करार कायद्याचं कलम ७० आहे, फुकट करायच्या इराद्यानं न केलेल्या कामाचा फायदा समोरच्यानं घेतला तर त्यानं मोबदला द्यावा असं, पण ते कोर्टात जाऊन भांडायचं आणि छोट्या माणसाला तेवढा दम नसतो. ज्यानं चांगलं काम केलं त्यालाच असं फिरवतात, मला अजून त्याचा संताप येतो.

म्हणून लेखी आदेश आणि दर ठरल्याशिवाय एक टिप्पर पण हलवू नका. फक्त तातडीचं करा, म्हणजे झाकणं, आडोसा, पाणी अडवणं, आणि त्याचा सुद्धा हिशेब रोजच्या रोज वेगळा, मजूर किती, प्लास्टिक किती, जेसीबी किती तास, खाली जेईची सही. सही देत नसेल तर त्याच दिवशी ईमेल टाका.

आणि विल्हेवाट शक्यतो तुमच्या नावावर घेऊच नका. पंचायतीनं किंवा खात्यानं थेट प्रकल्पाशी बोलावं आणि फी थेट भरावी, तुम्ही फक्त उकरून गाडीत भरून द्यायचं. तुमचं भांडवल अडकत नाही आणि कचऱ्याचा जनक म्हणून तुमचं नाव लागत नाही.

फोंडा_साईट

सगळ्यांना देव बरें करूं. कालच पत्र दिलं, शिक्का घेतला. बांयवाल्या घरी पण जाऊन आलो, घरातल्या आजी म्हणाल्या पावसाळ्यात पाण्याला रॉकेलसारखा वास येतो असं त्या बरेच दिवस सांगतायत, कोणी मनावर घेतलं नाही. ऐकून फार वाईट वाटलं. सरपंचांना तिथूनच फोन लावून दिला, टँकर देतो म्हणाले.

आता दोन शंका. काढलेली माती ढिगारा करून पडलीय ती पावसात भिजेल त्याचं काय. आणि आमचं बिल घनमीटरवर असतं, घातक कचऱ्याचं बिल टनावर करतात असं कळलं, मग जुळवायचं कसं. शिवाय कोणीतरी म्हणालं खाणीशी संबंध आहे म्हणून प्रदूषित जागांचे नवीन नियम लागू नाहीत, खरं का?

माती_पाणी_लॅब

ढिगारा आहे तिथून हलवू नका, पण खाली जाड प्लास्टिक नसेल तर शेजारीच जाड एचडीपीई शीट अंथरून त्यावर घ्या, चारी बाजूंनी चिऱ्यांचा बांध, शीट बांधावरून बाहेर काढून दाबायची, वरून ताडपत्री आणि दोर. चांगली लाल माती त्यात अजिबात मिसळू नका. काही लोक मुद्दाम मिसळतात म्हणजे रिपोर्टमध्ये प्रमाण कमी येतं, त्यानं घातक माती दुप्पट होते आणि ते बेकायदा पण आहे. बॅटऱ्यांचे तुकडे वेगळ्या ड्रममध्ये.

झाकायचं दुसरं कारण टनाचंच आहे. ओली माती जड होते आणि बिल वजनावर, म्हणजे पावसाचं पाणी वाहून न्यायचे पैसे पंचायत भरणार. साधारण घनमीटरला पावणेदोन टन धरतात, पण चिकट तेलकट मातीत ते पुढं मागं होतं, म्हणून पहिल्या दोन गाड्या मापून भरा, वजनकाट्यावर नेऊन खात्याच्या माणसासमोर प्रमाण ठरवा आणि त्याची नोंद मापन पुस्तकात घ्या. नंतर प्रत्येक गाडीची रिकामी आणि भरलेली पावती. गाडी अधिकृत वाहतूकदाराचीच, सोबत फॉर्म १० चं मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठं गेला त्याचा कागद), सात प्रतींचं असतं ते, त्याची प्रकल्पाची सही होऊन परत आलेली प्रत हा तुमच्या बिलाचा पुरावा. घातक कचरा साईटवर साठवायची मुदत साधारण ९० दिवस, तेव्हा मंजुरीच्या फाईलवर ही तारीख ठळक लिहा, फाईल हलायला मदत होईल.

निवृत्त_अभियंता

नवीन नियमांबद्दल. केंद्रानं २०२५ च्या जुलैमध्ये प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढलेत. त्यातून खाणकामामुळं झालेलं प्रदूषण वगळलंय हे बरोबर, पण गॅरेज म्हणजे खाणकाम नव्हे, ट्रक खनिजाचा होता म्हणून इंजिनाचं ऑईल खनिज होत नाही. त्या नियमांत संशयित जागेची माहिती जिल्हा प्रशासनाकडून प्रदूषण मंडळाकडं जाते, मंडळ ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करतं, प्रदूषण ठरलं तर सविस्तर तपासणी, आणि जबाबदार माणूस शोधून सफाईचा खर्च त्याच्याकडून. तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसेल तर केंद्र आणि राज्यानं सोय करायची. प्रदूषण करणाऱ्यानं भरपाई द्यायची हे तत्त्व सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्येच आपल्या कायद्याचा भाग मानलंय, त्यामुळं पंचायत वसुलीला गेली तर हात रिकामे नाहीत.

पण हे लक्षात घ्या की ती सगळी लांबची वाट आहे. पंचायतीनं साळगावच्या प्रदूषण मंडळाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना आत्ताच लिहावं, वसुलीचा धागा तिथं सुरू राहील. तुमचं बिल त्याच्याशी बांधून घेऊ नका. तुमचा करार पंचायतीशी किंवा खात्याशी आहे, गॅरेजवाल्याशी नाही, गॅरेजवाला पैसे देईल तेव्हा तुम्हाला देऊ असं कोणी म्हणालं तर लेखी नकार द्या.

आणि समोरच्या फुटिंगा स्वच्छ असतील तर त्या भागातलं काम चालू ठेवायची परवानगी मागा. अर्धं काम सुरू राहिलं तर मजूर टिकतात, आणि तुम्ही नुकसान कमी ठेवायचा प्रयत्न केला हे पुढं दाव्यात उपयोगी पडतं.

फोंडा_साईट

समोरच्या सहा फुटिंगांच्या जागी आज खड्डे घेतले, सगळीकडं लाल माती, वास नाही. सोमवारी संयुक्त पाहणी ठरलीय, सहाय्यक अभियंता स्वतः येतायत, सचिव दस्त घेऊन येणार. ताई, बांयच्या पाण्याचा नमुना एकदा घेतला की पुरे का?

माती_पाणी_लॅब

नाही, आत्ता एक आणि पाऊस स्थिरावल्यावर दुसरा. आजींना वास पावसाळ्यात येतो म्हणजे पाणी वर चढलं की ते तेलाच्या थराला लागत असणार, आत्ताचा नमुना साफ आला म्हणून बांय सुरक्षित धरू नका. दुसरा नमुना येईपर्यंत टँकर बंद होणार नाही असं सरपंचांकडून पंचायतीच्या कागदावर घ्या, आणि दोन्ही तपासण्यांचा खर्च सुधारित अंदाजपत्रकात आत्ताच धरून टाका, नंतर तेवढ्यासाठी कोणी परत फाईल काढत नाही.